प्रजाती मोजायच्या, की घडू द्यायच्या?

पुण्याला समुद्र नाही, पण समुद्राबद्दल मत भरपूर आहे. जोडून सुट्ट्या आल्या की मालवण-तारकर्लीकडे निघालेल्या गाड्यांमध्ये एमएच १२ आणि एमएच १४ची गर्दी असते, आणि परतल्यावर पाण्याखालचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरतात. त्यामुळे कोकणातल्या प्रवाळाचा विषय निघाला की इथे प्रश्न विचारणाऱ्यांची वानवा नसते. त्यातला एक प्रश्न ठरलेला. विचारणारा बहुधा वाचणारा, निसर्गाबद्दल आस्था असलेला माणूस असतो. आंग्रिया बँकेवर असं काय आहे, जे लक्षद्वीपला किंवा अंदमानला नाही? फक्त तिथेच सापडणारा एखादा मासा, एखादं प्रवाळ आहे का? नसेल तर ते जपण्याचा एवढा आग्रह कशाला?

आंग्रिया बँक म्हणजे विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवर अरबी समुद्रात बुडालेलं एक पठार. साधारण ४० किलोमीटर लांब, १५ किलोमीटर रुंद. माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर, आणि कडा खोल उतरत गेलेल्या. माथ्यावर जिवंत प्रवाळ आहे. नाव कान्होजी आंग्र्यांचं. २०१८ मध्ये सुरू झालेल्या मुंबई-गोवा क्रूझलाही तेच नाव दिलं गेलं, आणि आज ‘आंग्रिया’ म्हटल्यावर बऱ्याच जणांना ते जहाजच आठवत असणार.

या पठाराला संरक्षण मिळायला हवं, आणि ते देताना प्रजातींच्या यादीची वाट पाहू नये, असं माझं मत आहे. ‘फक्त इथलीच प्रजाती दाखवा’ ही अट घालणं म्हणजे उत्क्रांती कधीच संपली असं धरून चालणं. प्रजाती ही जणू तयार वस्तू. तिला नाव द्यायचं, नावाला कायद्याच्या परिशिष्टात जागा द्यायची आणि मग तिचं रक्षण करायचं, अशी आपली रीत आहे. ती वाघाच्या बाबतीत चालून गेली. प्रवाळभित्तीवर ती तोकडी पडते, कारण तिथले कितीतरी जीव अजून वेगळे होण्याच्या वाटेवर आहेत. काही पूर्ण वेगळे झालेत, काही अर्धे, काहींची नुकती सुरुवात आहे. यादीत फक्त पहिले बसतात.

हे पटायला आधी एक कोडं समजून घ्यावं लागतं. प्रवाळभित्तींनी समुद्राच्या तळाचा एक टक्काही भाग व्यापलेला नाही, तरी आपल्याला माहीत असलेल्या सागरी प्रजातींपैकी जवळपास पाव हिस्सा कधी ना कधी त्यांच्या आश्रयाला असतो. इंडोनेशिया, फिलिपिन्स, पापुआ न्यू गिनी या टापूत, ज्याला ‘प्रवाळ त्रिकोण’ म्हणतात, जगातल्या प्रवाळ प्रजातींपैकी तीन चतुर्थांश, म्हणजे सहाशेच्या आसपास प्रजाती आहेत. एवढ्या आल्या कुठून? जमिनीवर उत्तर सोपं आहे. सह्याद्रीत गेल्या काही वर्षांत ज्या नव्या पाली, बेडूक, खेकडे नोंदवले गेले, त्यातले बरेचसे एखाद्या रांगेपुरते, एखाद्या सड्यापुरते आहेत. मधे दरी आहे, कोरडा पट्टा आहे, नदी आहे. इकडची पाल तिकडे जात नाही. लाखो वर्षं गेली की दोन पाली होतात. पण समुद्रात भिंत कुठे आहे? प्रवाळ, मासे, खेकडे, शंखशिंपले यांतले बहुतेक जण अंडी किंवा सूक्ष्म अळ्या पाण्यावर सोडून देतात. त्या दिवसेंदिवस, काही आठवडेच्या आठवडे वाहत राहतात. सगळं सगळ्यात मिसळायला हवं. मग वेगळेपण येतं कसं?

एक भिंत खरोखरची आहे, आणि ती उत्क्रांतीच्या अभ्यासकांची आवडती आहे. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी पनामाची चिंचोळी भूमी पूर्ण वर आली आणि कॅरिबियन समुद्र प्रशांत महासागरापासून तुटला. दोन्ही बाजूंना पिस्तूल कोळंबी राहते. नांगी आपटून फटाक्यासारखा आवाज काढणारी. सागरी जीवशास्त्रज्ञ नॅन्सी नोल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्हीकडच्या भावंड-प्रजाती एकत्र ठेवून पाहिल्या. त्यांची जोडी क्वचितच जमली, भांडणंच जास्त झाली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातली त्याहून मोलाची गोष्ट अशी की सगळ्या जोड्या एकाच काळी विभक्त झालेल्या नव्हत्या. खारफुटीच्या उथळ पाण्यात राहणाऱ्या कोळंबीची ताटातूट सर्वांत शेवटी झाली. खोल, स्वच्छ पाण्यातल्यांची कितीतरी आधी. म्हणजे जमीन वर येण्याच्या खूप आधीपासून पाणी उथळ, गढूळ होत गेलं आणि एकेकाची वाट बंद होत गेली. नकाशावर भूमी दिसण्याआधीच भिंत उभी राहिली होती.

सगळ्या भिंती अशा नकाशावर येत नाहीत. कॅरिबियनमध्ये ऑर्बिसेला नावाचं दगडासारखं, थोराड प्रवाळ आहे. ते एकच समजलं जायचं. नीट पाहिल्यावर त्याच्या तीन प्रजाती निघाल्या. तिन्ही एकाच भित्तीवर राहतात, आणि उन्हाळा सरतानाच्या पौर्णिमेनंतर साधारण सहाव्या-सातव्या रात्री तिन्ही आपली अंडी आणि शुक्रपेशी पाण्यात सोडतात. त्यातली एक, फ्रँक्सी, बाकी दोघींच्या आधी तासा-दोन तासांनी सोडते. बस, एवढंच. प्रयोगशाळेत तिच्या पेशी दुसरीच्या, म्हणजे ॲन्युलॅरिसच्या पेशींशी जुळतात, फलन होतं. समुद्रात मात्र तासाभरात शुक्रपेशी म्हाताऱ्या होतात, विरळ होतात, वाहून जातात. तिसरी फॅव्हिओलाटा, तिची वेळ ॲन्युलॅरिसशी जुळते, पण अंडी परक्या शुक्रपेशी सहसा स्वीकारत नाहीत. एकाच खडकावर एक भिंत घड्याळाची आणि एक रसायनाची.

ही तासाभराची भिंत चंद्रप्रकाश, सूर्यास्त आणि पाण्याचं तापमान या तीन खुणांवर उभी आहे. त्या खुणांत आपण ढवळाढवळ केली तर प्रजातींच्या नावांना काही होणार नाही, यादी तशीच राहील, पण भिंत ढासळेल किंवा उलट, एकाच प्रजातीच्या वसाहतींचाच ताळमेळ चुकेल. तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाला, एलातच्या आखातात, काही प्रवाळ प्रजातींमध्ये असा ताळमेळ बिघडल्याचं २०१९ मध्ये दाखवलं गेलं आहे. वरवर प्रवाळ धडधाकट दिसतं. नवी पिल्लं मात्र धरत नाहीत. आपल्याकडे एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली ती मासळीचा उपसा थांबवण्यासाठी. रात्रीच्या समुद्रात अंधार असावा, यामागे त्याहून जुनं कारणही आहे, आणि ते कोणत्याही अधिसूचनेत आलेलं नाही.

आता हॅम्लेट मासे. हेही कॅरिबियनचे. निळा, पिवळा, काळा, पट्टेवाला, लोणीरंगी, अशा अठराच्या आसपास प्रजाती. रंग सोडला तर आकार, सवयी, खाणं जवळपास सारखं, आणि एकाच भित्तीवर पाच-सहा प्रकार सुखाने नांदतात. प्रत्येक मासा एकाच वेळी नर आणि मादी असतो. संध्याकाळी जोडी जमते आणि आळीपाळीने एक अंडी देतो, दुसरा फलन करतो. जोडी मात्र जवळजवळ नेहमी आपल्याच रंगाशी. आपल्यातलंच स्थळ हवं हा आग्रह तिथेही आहे, आणि तिथेही अधूनमधून कुणीतरी तो मोडतं. त्यांच्या संपूर्ण जनुकसंचाची तुलना झाली तेव्हा आढळलं की या प्रजाती जवळपास सगळीकडे एकसारख्या आहेत. फरक आहेत ते मोजक्या, छोट्या तुकड्यांत, आणि ते तुकडे रंगाच्या नक्षीशी आणि दृष्टीशी निगडित जनुकांच्या आसपास. जो रंग अंगावर, त्याच रंगाची ओढ डोळ्यांत. दोन्ही एकत्र पुढे जातात. एवढ्यावर एक प्रजाती दुसरीपासून सुटी होऊ लागते.

आता मला सांगा, हॅम्लेटच्या प्रजाती किती? अठरा म्हणा, एक म्हणा. दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो आणि तो घातलाही गेला आहे. ‘तिथली खास प्रजाती आहे का’ या प्रश्नाचा निकाल अशा वेळी कोणत्या वर्गीकरणकाराला विचारता यावर ठरेल. एखाद्या समुद्राचं भवितव्य त्यावर ठेवणं मला धोक्याचं वाटतं.

पापुआ न्यू गिनीच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या गोबीची गोष्टही अशीच. हा बोटाच्या पेराएवढा मासा आयुष्यभर एकाच प्रवाळाच्या फांद्यांत राहतो. तिथेच जोडी, तिथेच अंडी. कोणत्या जातीचं प्रवाळ घर म्हणून मिळालं, त्यावर त्याची वाढ आणि जोडीदार ठरतात. २००४ मध्ये संशोधकांनी दाखवलं की तिथली एक गोबी आपल्या जवळच्या भावंडापासून घर बदलल्यामुळे वेगळी झाली असावी. भौगोलिक अंतर नाही, डोंगर नाही. घर वेगळं, म्हणून सोयरिक वेगळी. भित्तीवर असे घरमालक शेकड्यांनी आहेत: प्रवाळ, स्पंज, समुद्रफुलं. क्लाउनफिशने समुद्रफुलाशी केलेली मैत्री हेच त्याच्या सुमारे तीस प्रजाती फुटण्यामागचं मोठं कारण मानलं जातं. प्रवाळभित्तीच्या विविधतेचं गुपित इथे आहे: प्रत्येक जीव दुसऱ्या कुणाचा तरी पत्ता असतो, आणि पत्ता बदलला की वंश बदलायला सुरुवात होते.

अळ्या कुठेही वाहत जातात, हे गृहीतकही आता पूर्वीसारखं ठाम राहिलेलं नाही. पापुआ न्यू गिनीच्याच किंबे उपसागरातल्या एका लहानशा बेटाभोवतीच्या क्लाउनफिशची पिल्लं तपासली तेव्हा त्यांतली निम्म्याहून अधिक त्याच बेटावर जन्मून, समुद्रात दिवस काढून, पुन्हा तिथेच परतलेली निघाली. भित्तीचा वास आणि आवाज त्यांना ओढून आणतो. काही मासे तर निघतच नाहीत. सुलावेसीजवळच्या बंगाई बेटांचा कार्डिनल मासा घ्या. नर अंडी तोंडात धरतो, पिल्लंही काही दिवस तिथेच. बाहेर आली की शेजारच्या समुद्रसाळीच्या (सी अर्चिन) काट्यांत शिरतात. प्रवासाचा टप्पाच नाही. परिणामी काही किलोमीटरवरच्या दोन बेटांतले मासेही जनुकीयदृष्ट्या वेगळे. खाऱ्या पाण्याची टाकी बाळगणाऱ्यांना हा चंदेरी, काळ्या पट्ट्यांचा मासा चांगलाच ठाऊक आहे, कारण नव्वदच्या दशकापासून तो जगभरच्या मत्स्यबाजारात गेला आणि २००७ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आला. एका बेटाभोवतीचे मासे संपले तरी प्रजाती टिकून आहे असंच यादी म्हणेल. गेलेली असेल ती एक संपूर्ण शाखा, जिला नाव मिळायचं होतं.

हे सगळं ऐकून एक युक्तिवाद पुढे येतो, आणि तो मूर्खपणाचा नाही. भित्तीवर प्रजाती इतक्या सहज घडत असतील तर काळजी कसली? काही गेल्या, काही नव्या येतील. निसर्गाचं दुकान बंद थोडंच पडणार?

त्याला २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने अनपेक्षित उत्तर दिलं. तीस हजारांहून अधिक माशांच्या वंशवृक्षावरून नव्या प्रजाती फुटण्याचा वेग काढला, तर समुद्री माशांत तो सर्वांत जास्त निघाला थंड, ध्रुवांजवळच्या पाण्यात. उष्ण कटिबंधातल्या भित्तींवर तो त्याच्या साधारण निम्माच. गर्दी भित्तीवर, घाई ध्रुवांवर. याचा अर्थ मी असा लावतो: भित्तीची श्रीमंती झटपट कमाईची नाही, दीर्घकाळ न मोडलेल्या ठेवीची आहे. तिथे प्रजाती घडतात आणि मुख्य म्हणजे टिकून राहतात. हिमयुगं आली-गेली, समुद्र शंभर मीटर खाली जाऊन परत वर आला, तरी कुठेतरी थोडी भित्ती उरली आणि तिच्यातून पुन्हा सगळं पसरलं. ठेव मोडली तर पुन्हा जमायला किती काळ लागतो याचाही नमुना खडकांत आहे. २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच्या महाविनाशात त्या काळच्या भित्ती पुसल्या गेल्या. आजच्या प्रवाळांच्या पूर्वजांनी नव्या भित्ती बांधायला घेतल्या त्या काही लाख नव्हे, लाखांच्या कितीतरी पटींतल्या वर्षांनंतर. ‘निसर्ग भरून काढेल’ हे विधान खरं आहे. फक्त ते वाचायला आपण कुणी नसू.

आणि ठेव मोडते आहे. लक्षद्वीपच्या तीन बेटांवर १९९८ पासून २०२२ पर्यंत केलेल्या निरीक्षणांत जिवंत प्रवाळाचं आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आत आलं. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा एखादा अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या पेशींतली शैवालं बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४. दोन तडाख्यांमधली उसंत कमी होत चालली आहे.

यावर सरकारी कागदांत हल्ली एक तोडगा सर्रास दिसतो: प्रवाळ उचलून दुसरीकडे लावणं. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या वेळी २०२०मध्ये १८ वसाहती हलवल्या गेल्या. ग्रेट निकोबारच्या प्रकल्पात आकडा आहे २०,६६८ वसाहतींपैकी १६,१५० हलवण्याचा. जहाज आदळून फुटलेल्या भित्तीवर तुटके तुकडे पुन्हा रोवणं मला मान्य आहे, ते जखमेवरचं काम आहे. पण प्रकल्पासाठी भित्ती द्यायची आणि बदल्यात वसाहतींची संख्या दाखवायची, ही हिशेबाची चलाखी आहे. एका वसाहतीचे दहा तुकडे लावले तर दहा वसाहती होतात. जनुकांच्या दृष्टीने ती एकच राहते. प्रवाळाबरोबर त्याच्या फांद्यांतली गोबी जात नाही, पहारा देणारा खेकडा जात नाही, ज्या प्रवाहातून त्याला अळ्या यायच्या तो प्रवाह जात नाही, ज्या शेजाऱ्यांबरोबर ठरलेल्या रात्री अंडी सोडायची ते शेजारीही नसतात. जिवंत राहिलेल्या वसाहतींची टक्केवारी अहवालात येते; त्यांपैकी किती पुढच्या पिढीला जन्म देतात हा रकाना त्या तक्त्यात नसतो. वन्यजीव कायद्याने २००१ मध्ये भित्ती बांधणाऱ्या सगळ्या प्रवाळांना पहिल्या परिशिष्टात घातलं, म्हणजे वाघाच्या रांगेत बसवलं. चांगलं केलं. पण वाघ पिंजऱ्यात घालून हलवला म्हणून जंगल तोडायला परवानगी द्या, असं म्हणायची हिंमत अजून कुणी केलेली नाही. प्रवाळाच्या बाबतीत ती रोज होते.

आंग्रियाकडे परत येतो, कारण तिथे अजून उचलाउचलीची वेळ आलेली नाही. हे पठार एकटं आहे, किनाऱ्यापासून लांब आहे, गाळाच्या पाण्यापासून सुटलेलं आहे. पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. त्यामुळे दक्षिणेला लक्षद्वीप, पूर्वेला मालवण आणि उत्तरेला कच्छचं आखात यांच्यामध्ये असलेलं हे पठार काही जीवांना थांबा ठरू शकतं आणि काहींना बेट. जे जीव लांब वाहतात त्यांच्यासाठी तो पुढच्या प्रवासाचा टप्पा, जे परत घरी येतात त्यांच्यासाठी वेगळं होण्याची जागा. एकच ठिकाण दोन्ही कामं करतं. नवी प्रजाती घडायला नेमकं हेच लागतं, थोडी ये-जा आणि थोडा दुरावा. ये-जा पूर्ण थांबली तर छोटी वस्ती खुरटते, पूर्ण मोकळी असेल तर वेगळेपण विरघळतं. आणि म्हणून ‘लक्षद्वीपला आहे तेच इथे आहे’ हे वाक्य संरक्षणाच्या विरोधातला मुद्दा होऊ शकत नाही. तेच इथे आहे, पण वेगळ्या पाण्यात, वेगळ्या शेजारात, शेकडो किलोमीटरवर आहे. पनामाच्या दोन बाजूंनाही कधीकाळी ‘तेच’ होतं.

कायद्याचं म्हणाल तर अडचण आहे, पण वाट बंद नाही. राज्य सरकार अभयारण्य घोषित करू शकतं ते १२ सागरी मैलांच्या, म्हणजे साधारण २२ किलोमीटरच्या प्रादेशिक समुद्रात. आंग्रिया त्याच्या बाहेर, पण २०० मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात येतं. तिथे १९७६ चा सागरी क्षेत्र कायदा लागू होतो, आणि त्याच्या सातव्या कलमात केंद्राला अशा क्षेत्रातला एखादा भाग ‘निर्दिष्ट’ करून तिथल्या सागरी पर्यावरणाच्या रक्षणासाठी नियम करण्याचा अधिकार दिलेला आहे. त्यासाठी कुठल्याही प्रजातीचं नाव सांगावं लागत नाही. जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी हे कलम लिहिणाऱ्यांच्या मनात प्रवाळाच्या गोबी नसणार हे उघड आहे, तरी अजाणता त्यांनी आजच्या विज्ञानाला साजेसं हत्यार करून ठेवलं. मुंबईतून मागणी जायला हवी आणि दिल्लीतून अधिसूचना निघायला हवी. दोन्हीला पाठपुरावा लागतो, आणि पाठपुरावा हा पुणेकरांचा हातखंडा खेळ आहे. फुटपाथवरच्या एका झाडासाठी आपण माहिती अधिकाराचे अर्ज टाकतो.

मच्छीमारांचा प्रश्न मात्र चिमटीत उचलून बाजूला ठेवण्यासारखा नाही. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती २९ चौरस किलोमीटरचं मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा स्थानिकांना विश्वासात घेतलं गेलं नाही, आणि आजही तिथे ‘अभयारण्य’ हा शब्द काढला की किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकरांच्या कपाळावर आठी येते. ती आठी मला रास्त वाटते. मासे पकडून पोट भरणाऱ्याला आपण सुट्टीत स्कूबा करायला येणारे लोक जपणुकीचे धडे देतो, वर प्रवाळावर पाय ठेवून फोटोही काढतो. तेव्हा आंग्रियाच्या अधिसूचनेत काय बंद होणार हे आधी स्पष्ट हवं. तळ खरवडणारे ट्रॉलर, थवेच्या थवे वेढणारी पर्ससीन जाळी, दिव्यांची मासेमारी, नांगर टाकणं, तेल-वायूचा शोध, हे बंद. लहान होडीतून गळाने मासा पकडणाऱ्याला बंदी नको. एवढ्या दूर पारंपरिक होड्या फारशा जातही नाहीत. पर्ससीनवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले ते पारंपरिक मच्छीमारांच्या लढ्यामुळे, पर्यावरणवाद्यांच्या पत्रकांमुळे नव्हे. आंग्रियाची हद्द राखायचीच असेल तर त्या मंडळींच्या शेजारी बसून ती आखावी लागेल. माशांच्या अळ्या कुठून येतात याची उत्सुकता त्यांना आपल्यापेक्षा जास्त आहे.

पुण्याकडे या बाबतीत एक गोष्ट आहे जी मालवणकडे नाही: वर्गीकरणाची परंपरा आणि ते करणाऱ्या संस्था. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, पाषाणला आयसर ही विज्ञान संस्था आहे, विद्यापीठ आणि जुनी महाविद्यालयं आहेत. सह्याद्रीतल्या मासे-पालींवर इथल्या अभ्यासकांनी केलेलं काम देशात नावाजलेलं आहे. समुद्राकडे त्या मानाने थोडेच वळले. जहाज, डायव्हिंग, परवानग्या, सगळंच महाग. यादी करू नये असं माझं म्हणणं नाही, उलट ती नीट व्हावी, जनुकांच्या पातळीवर व्हावी, आणि आकुर्डी व पाषाणमधल्या तरुणांना त्यासाठी पैसे मिळावेत. फक्त यादी ही अट असू नये. काम म्हणून ती वीस वर्षं चालेल. ट्रॉलरला एक दुपार पुरते.

शाळेबद्दलही एक. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रकावर सह्या केल्या. आपल्याकडे सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीने २०१८ मध्ये काढलेल्या दहावीच्या पुस्तकात तो विषय पहिल्याच धड्यात ठेवला होता, याचा मला अभिमान वाटतो. पण मुलं तो धडा पाठ करतात जिराफाच्या मानेसकट, आणि बाहेर पडतात ती उत्क्रांती म्हणजे घडून गेलेला इतिहास असं समजून. एका तासाच्या फरकाने दोन प्रजाती वेगळ्या राहतात, हे त्यांना कुणी सांगितलं तर ‘खास मासा आहे का’ हा प्रश्न निदान पुढची पिढी तरी विचारणार नाही.

शेवटी हद्दीचा एक मुद्दा, कारण मागणीच्या मसुद्यात तोच चुकण्याची शक्यता जास्त. सोय म्हणून प्रवाळ असलेला माथा तेवढा रेषेत घ्यायचा मोह होईल. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा आज वीस मीटर पाण्याखाली असलेला हा माथा शंभरएक मीटर उंचीचं कोरडं बेट असणार, आणि प्रवाळ असेल तर ते खालच्या उतारावर. समुद्र वर चढला तसं ते चढत आलं. आज माथ्यावर दिसणारी वस्ती फार तर दहाएक हजार वर्षांची. पृष्ठभाग तापतो आहे, तेव्हा पुढची काही दशकं थोड्या खोल, थोड्या गार पाण्यातला हा उतारच काही प्रजातींचा आसरा ठरण्याची शक्यता आहे. म्हणून रेषा माथ्याच्या कडेला थांबता कामा नये. ती उतारावरून खाली, जिथे पठाराचा पायथा खोल तळाला मिळतो तिथपर्यंत न्यावी, आणि नांगर व तळ खरवडणाऱ्या जाळ्यांवरची बंदी त्या संपूर्ण क्षेत्राला पहिल्या दिवसापासून लागू करावी.